संकेतस्थळ : शाळेचे नवे दप्तर

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातील आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचा प्रवेश झाला. ती नोंद शाळेच्या दप्तरात जपली गेली आणि आज महाराष्ट्र तो दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळतो. नोंद जपण्याचे मोल यावरून कळते. संकेतस्थळ हेही शाळेचे दप्तरच आहे. मात्र ते शाळेच्या हाती राहिले पाहिजे.

पूर्वी संकेतस्थळाचे प्रत्येक पान संगणकीय भाषेत स्वतंत्रपणे लिहावे लागे. प्रवेशाची तारीख बदलायची तरी तंत्रज्ञाची वाट पाहावी लागे. तो तंत्रज्ञ दुरावला की संकेतस्थळ जागीच थांबे. ही अडचण आशय व्यवस्थापन प्रणाली, म्हणजेच ‘सीएमएस’, दूर करते.

या प्रणालीत मजकूर आणि मांडणी वेगळी असते. मजकूर व त्याच्या नोंदी एका कोठारात साठतात. रंग, अक्षरे व रचना ‘थीम’ ठरवते. थीम बदलली तरी मजकूर सुरक्षित राहतो. द्रुपल (२००१), वर्डप्रेस (२००३) व जूमला (२००५) या अशा प्रणाली विनामूल्य आहेत. वर्डप्रेस मराठीतूनही वापरता येते. खर्च येतो तो संकेतस्थळाचे नाव आणि जागा यांच्या वार्षिक भाड्याचा.

कामाची वाटणीही करता येते. विद्यार्थ्याने स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त लिहावा, शिक्षकांनी तपासून प्रसिद्ध करावा. सर्वाधिकार मात्र एकदोघा जबाबदार व्यक्तींकडेच असावेत.

आपल्याच जिल्ह्यातील वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचे खंड आज संकेतस्थळावर देवनागरीत शोधून वाचता येतात. ते युनिकोडमुळे शक्य झाले. आपल्या जुन्या स्मरणिकांचा मजकूर छपाईच्या जुन्या फाँटमध्ये असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये आणावा. अन्यथा तो शोधात सापडणार नाही.

काही पथ्ये मात्र पाळावीत. संकेतस्थळाचे नाव संस्थेच्याच नावे नोंदवावे, व्यक्तीच्या नव्हे. प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी, मजकुराची प्रत दरमहा अन्यत्र ठेवावी. वसतिगृहातील मुलांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक कदापि प्रसिद्ध करू नयेत.

माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंतच्या पालकांना शाळेची सूचना गावी बसून मोबाइलवर वाचता यावी, यासाठी संगणकक्षेत्रातील माजी विद्यार्थ्यांनी पुढे यावे. त्यांनी संकेतस्थळ उभारून द्यावेच; पण ते चालवण्याची विद्या शाळेतील दोघातिघांना शिकवूनच निरोप घ्यावा.