औषध पेशीच्या आत कसं पोचवतात? पेप्टाइडची 'गाडी' समजून घ्या

मी शिरूरचा, मामा दौंडचे. मागच्या वर्षी मामांना पक्षाघाताचा झटका आला. पुण्यात हॉस्पिटलबाहेर बसलो होतो, तेवढ्यात ग्रुपवर रील आलं: मेंदूच्या पेशी वाचवणारं नवं पेप्टाइड! मामेभावानं विचारलं, "दादा, कुरकुंभ एमआयडीसीत एवढ्या औषध कंपन्या आहेत, तिथं मिळेल का रे?" तेव्हा उत्तर नव्हतं. आता वाचून सांगतो.

अडचण काय?

पेशीभोवती चरबीचा दुहेरी पडदा असतो. बरेच छोटे रेणू तो ओलांडतात, प्रथिनांसारखे मोठे रेणू बाहेरच अडकतात. इन्सुलिनचं बरंय, ते बाहेरूनच बेल वाजवून काम करून घेतं. पण बिघाड आत असेल तर?

गाडी कशी सापडली?

१९८८ मध्ये दिसलं, की एचआयव्हीचं 'टॅट' प्रथिन आपणहून पेशीत शिरतं. १९९४ मध्ये फळमाशीच्या प्रथिनातला १६ अमिनो आम्लांचा तुकडाही तसाच निघाला. अशा तुकड्यांवर धन भार असतो, पेशीच्या पृष्ठभागावर ऋण. ते चिकटतात, आत जातात आणि जोडलेलं औषधही नेतात. घाबरू नका, नुसत्या तुकड्यानं एचआयव्ही होत नाही.

मग अडलंय कुठं?

पेशी बऱ्याचदा हा माल एका थैलीत गुंडाळून घेते. म्हणजे गाडी दौंड स्टेशनात आली, पण डब्याचं दारच उघडलं नाही! शिवाय ही गाडी नको त्या पेशीतही शिरते.

रीलमधलं औषध होतं नेरिनेटाइड: ११ अमिनो आम्लांची टॅट-गाडी, ९ चा माल. ११०५ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला. एकूण फायदा सिद्ध झाला नाही. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनमुळे शरीरात प्लाझ्मिन तयार होतं आणि ते या पेप्टाइडचेच तुकडे करतं, असं लक्षात आलं. मग ते इंजेक्शन न दिलेल्या रुग्णांवर पुन्हा चाचणी झाली. तिथंही फायदा सिद्ध झाला नाही.

म्हणून भावाला उत्तर: नाही, अजून नाही.

मामा वाचले ते मामीमुळे. तोंड वाकडं दिसताच तिनं घड्याळ बघितलं आणि १०८ ला फोन लावला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. तेव्हा तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय असं दिसलं, तर मोबाईलवर रील नाही, १०८ लावा. आणि त्रास किती वाजता सुरू झाला, ते डॉक्टरांना नक्की सांगा.