लॉटरी की मेरिट? टेंभुर्णीतल्या मुलीला चांगली शाळा मिळते तरी कशी?

माढा तालुक्यातलं टेंभुर्णी. पुणे-सोलापूर महामार्गावरचं गाव. समजा, इथल्या एका शेतमजुराच्या घरात हुशार मुलगी आहे. अकरावीत जाईपर्यंत तिच्यासमोर तीन दारं येतात आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

पहिलं दार : पहिलीची लॉटरी

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या २५ टक्के जागा वंचित आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. अर्ज जास्त आले की लॉटरी. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घ्यायला कायद्याने बंदी आहे. कारण साधं आहे : सहा वर्षांच्या मुलाची 'गुणवत्ता' म्हणजे बहुतेक वेळा आईबापाचं शिक्षण आणि खिसा.

पण घराजवळ अशी शाळाच नसेल, तर लॉटरीचा उपयोग काय? त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. जिल्हा परिषदेची शाळा तर गावोगावी आहे, म्हणजे दार जवळपास बंदच. १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला.

दुसरं दार : नवोदयची परीक्षा

सोलापूर जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. राहणं, जेवण, शिक्षण मोफत. सहावीच्या जागा साधारण ८० आणि जिल्ह्यात तालुके ११. प्रवेश फक्त परीक्षेवर, तीही आयुष्यात एकदाच देता येते.

इथे मेरिट आहे, पण मोकाट सोडलेलं नाही. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना, शिवाय आरक्षण. म्हणजे टेंभुर्णीच्या मुलीची स्पर्धा पुण्या-मुंबईच्या मुलांशी लागत नाही, आपल्याच जिल्ह्यातल्या मुलांशी लागते. तरीही ज्याला क्लास परवडतो तो चार पावलं पुढे असतोच.

तिसरं दार : अकरावीची यादी

२०२५-२६ पासून अकरावीचे ऑनलाइन केंद्रीय प्रवेश राज्यभर सुरू झाले. आधी ही पद्धत मुंबई, पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती होती. आता गावातल्या मुलीलाही दहावीच्या गुणांवर, आरक्षण धरून, यादीत नंबर लावावा लागतो. फायदा असा की ओळखीपाळखीला वाव कमी. अडचण अशी की पसंतीक्रम भरायला मोबाइल, नेट आणि समजावून सांगणारं माणूस लागतं.

मग बरोबर काय?

समान संधी आणि गुणवत्ता ही एकमेकींची शत्रू नाहीत, त्यांचा क्रम महत्त्वाचा. लहानपणी सगळ्यांना सारखी शाळा मिळाली, तरच पुढची परीक्षा हुशारी मोजते. नाहीतर ती मोजते ते घर.

शिवाय लॉटरी आणि परीक्षा दोन्ही मोजक्याच जागा वाटतात. ज्यांचा नंबर लागत नाही ती बरीचशी मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेतच शिकतात. त्यामुळे 'कोणाला प्रवेश मिळाला' याच्या आधी 'गावातली शाळा कशी आहे' हा प्रश्न येतो.