लगाम परत मिळालेला गुलाब

पौडच्या पुढं, मुळशीकडे जाताना जुन्या घरांच्या परसात एखादा गावठी गुलाब असायचाच. ना पाटी, ना पावती; कुणाच्या तरी माहेरहून काडी आली आणि रुजली, एवढाच त्याचा इतिहास. पण ‘गावठी’ हे काही एका झाडाचं नाव नव्हे. फिकट गुलाबी, घमघमणारं, गुलकंदाला चालणारं जे असेल ते गावठी. त्यातलं नेमकं कुठलं, हे झाडालाच विचारावं लागतं.

उमलायच्या बेतातली कळी घ्या. खाली पाच हिरवी निदलं दिसतील. जरा निरखा: दोघांच्या दोन्ही कडांना झालर, दोघांच्या कडा साफ, आणि पाचव्याला झालर एकाच बाजूला! युरोपात यावर जुना लॅटिन उखाणाच आहे: पाच भाऊ, दोघांना दाढी, दोघांना नाही, एकाला अर्धीच. कारण ऐकून थक्क व्हायला होतं. कळीत ही निदलं एकमेकांवर चढून मिटलेली असतात. जी कड बाहेर उघडी राहते तिला झालर फुटते, शेजाऱ्याखाली दबलेली कड साफ राहते.

झालर ठसठशीत, पानं फिकी आणि खालून लवदार, फुलाच्या देठावर चिकट केस, तर झाड दमास्क कुळातलं. पान गुळगुळीत चकचकीत, पर्णिका तीन ते पाच, झालर नावापुरती, तर चिनी. दोन्हींच्या खुणा एकाच झाडावर दिसल्या, तर बहुधा बूर्बों. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाचं हे जुनं नाव. तिथं कुंपणाला दमास्क आणि चिनी गुलाब शेजारी शेजारी लावत. त्यांचा आपसूक संकर झाला आणि १८१९च्या सुमारास तो फ्रान्सला पोचला. त्याच घराण्यातला ‘एडवर्ड’ आपल्या देशात आला आणि इथलाच होऊन गेला. कलमांचा खुंट म्हणूनही तो वापरला गेला.

खुंटावरून आठवलं. ‘सात पानांची फांदी जंगली, काढून टाका’ हा सल्ला बागेत सर्रास मिळतो. माझ्या मते तो अर्धाच खरा आहे, कारण अस्सल दमास्कलाही सात पर्णिका असतात. त्यापेक्षा पानाच्या बुडाशी बघा. तिथलं उपपर्ण फणीसारखं कातरलेलं असेल, तर ती मल्टिफ्लोरा या जंगली गुलाबाच्या खुंटाची फूट आहे. ती खुशाल काढा.

आता चिनी गुलाबाची करामत. युरोपातले गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलत. चिनी गुलाब मात्र बारमाही. हे गुलाब कोलकात्याच्या वाटेनं गेले म्हणून फ्रेंच त्यांना बंगालचे गुलाब म्हणत. त्यांतला ‘ओल्ड ब्लश’ १७९३च्या सुमारास इंग्लंडमध्ये आला. तो सतत का फुलतो, हे २०१२ साली जपानी आणि फ्रेंच संशोधकांनी उलगडलं. गुलाबात फुलण्याला लगाम घालणारा एक जनुक असतो. चिनी गुलाबात त्या जनुकाच्या मधोमध सुमारे नऊ हजार अक्षरांचा एक उपटसुंभ डीएनए-तुकडा येऊन बसला आणि लगाम सुटला. मग प्रत्येक फूट थोडी वाढते, फुलते आणि तिथंच थांबते. झाड झुडूप राहतं ते म्हणूनच.

आणि कधीतरी त्याच झुडपाच्या एखाद्या फांदीत तो घुसखोर जवळजवळ सगळा निघून जातो, मागे जेमतेम एक टोक उरतं. लगाम पुन्हा चालू! फांदी फुलायचं सोडून लांबतच सुटते. ‘ओल्ड ब्लश’चा वेलगुलाब निघाला तो असा.

खरं तर वेलगुलाब हा वेल नव्हेच. त्याला ना ताणे, ना वळसे. आहेत फक्त आकडे. तेही सालीचेच: आडवा दाब दिला की काटा टक्कन निघतो. लिंबाचा काटा असा निघत नाही. म्हणून वेलगुलाबाला मांडवाला आपणच बांधायचं, आणि शक्यतो आडवं. उभ्या फांदीत शेंड्याकडून येणारी संप्रेरकं खालचे डोळे दाबून ठेवतात. फांदी आडवी झाली की डोळ्या-डोळ्यातून फुटवे येतात आणि फुलं लागतात.

मुळशीत खरी अडचण पावसाची. ताम्हिणीकडे तर पानं दिवसेंदिवस ओली. काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला पान सलग सातेक तास ओलं मिळालं तरी पुरतं. झाड उतारावर, वाऱ्याच्या तोंडाशी, मोकळं लावावं. गळलेली पानं गोळा करून जाळावीत. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात बारमाही झुडपांची छाटणी केली, की दीड-दोन महिन्यांत बहर येतो. एकदाच फुलणाऱ्या वेलगुलाबाला मात्र तेव्हा कात्री लावू नये. त्याची फुलं गेल्या वर्षीच्या लांब फांद्यांवर येतात, म्हणून त्याची छाटणी बहर ओसरल्यावर.