उसना वेग

1998 सालच्या 30 जूनची रात्र. आपल्याकडे साडेबारा वाजून गेले होते. शेजारच्या खोलीत अब्बा झोपलेले, म्हणून टीव्हीचा आवाज बंद ठेवून मी विश्वचषकातला इंग्लंड-अर्जेंटिना सामना पाहत होतो. सोळाव्या मिनिटाला बेकहॅमचा पास अठरा वर्षांच्या मायकेल ओवेनकडे आला. उजव्या पायाच्या बाहेरच्या अंगाने चेंडू पुढे घेऊन तो सुटला. चामो मागे पडला, आयाला बाजूला राहिला आणि चेंडू गोलरक्षक रोआच्या आवाक्याबाहेरून जाळ्यात. मी ओरडलो. अब्बा दारात आले. पुन्हा दाखवला जाणारा गोल पाहून म्हणाले, "पोरगं पळतंय, की कुणी ओढतंय त्याला?"

इंग्लंड तो सामना पेनल्टींवर हरला. अब्बांचा प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला.

फुटबॉलमधला वेग हा शंभर मीटरच्या शर्यतीतला वेग नव्हे. इथे पहिली चार-पाच पावलं महत्त्वाची. बचावपटूला आधी वळावं लागतं, मग पळायचं; आघाडीचा खेळाडू तोवर धावेत आलेला असतो. शिवाय पास सुटण्याआधी तो बचावाच्या पलीकडे गेला, तर ऑफसाइड. म्हणजे पायांआधी डोळ्यांनी पळावं लागतं.

पण या धावेची किंमत मांडीमागचे स्नायू मोजतात. पाय पुढे फेकला जातो तेव्हा हे स्नायू ताणले जात असतानाच त्याला लगाम घालतात. वेग जितका जास्त, तितका लगामावरचा ताण मोठा. 12 एप्रिल 1999 रोजी लीड्सच्या मैदानावर ओवेनचा हाच स्नायू फाटला. वय एकोणीस.

त्यानंतरही त्याने मोठं काम केलं. 2001 मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल करून त्याने लिव्हरपूलला आर्सेनलवर विजय मिळवून दिला. त्याच सप्टेंबरात म्युनिकमध्ये इंग्लंडने जर्मनीला 5-1 असं हरवलं. त्यात तीन गोल त्याचे. त्या वर्षीचा 'बॅलन डी'ऑर' त्यालाच मिळाला. पुढे 2004 मध्ये तो रियाल माद्रिदला गेला. 2006 च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला, कुणाचा धक्काही न लागता, त्याचा गुडघा गेला. 2013 मध्ये त्याने खेळ थांबवला. इंग्लंडकडून 89 सामने, 40 गोल.

2018 मध्ये त्याने मोकळेपणाने सांगितलं, की शेवटची काही वर्षं त्याला मोकळ्या जागेत पळण्याचीच भीती वाटायची. ज्या पळण्याने नाव दिलं, त्याचीच भीती! ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो.

अब्बा आता नाहीत. असते तर म्हणालो असतो, त्या पोराला आपण सगळे ओढत होतो. टाळ्या वाजवणारा मीही त्यात होतो. तुमच्या गावच्या मैदानावर एखादं पोर वाऱ्यासारखं पळत असेल, तर कौतुक जरूर करा. पण दर सामन्याला त्यालाच उतरवू नका. आज बसू दे त्याला. उद्याही पळायचंय त्याला.