आलेखातली पांढरी रेघ: नोंदीतली की चित्रातली?

मंडळी, आजचा विषय दिसायला किरकोळ आहे. आलेखात नको ती रेघ दिसली, तर काय करायचं? पण पावसाच्या नकाशावर अशी पांढरी रेघ आली, तर तिचे दोन अर्थ निघतात. एक, तिथली नोंदच नाही. दोन, नोंद आहे, पण चित्र काढताना फट पडली. पहिली रेघ आपण बुजवली, तर डेटातली उणीव लपते. दुसरी खरी मानली, तर नसलेली गोष्ट आपण लोकांना सांगतो. म्हणून आधी निदान, मग दुरुस्ती.

उदाहरण मॅटप्लॉटलिबचं घेऊ. पायथनमधली ही लायब्ररी जॉन हंटर यांनी सुरू केली, अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत-संकेत बघण्यासाठी. हिच्यात रंग भरलेला समोच्च नकाशा काढून पीडीएफमध्ये साठवला, की रंगपट्ट्यांच्या सीमेवर पुष्कळदा केसाएवढ्या फटी दिसतात. तोच नकाशा पीएनजीमध्ये साठवला, तर सहसा दिसत नाहीत. असं का?

पीडीएफमध्ये आकार साठवलेले असतात. पिक्सेल रंगवण्याचं काम ते उघडणारा प्रोग्राम करतो. समजा, दोन पट्ट्यांची सीमा एका पिक्सेलच्या बरोबर मधून गेली. कडा मऊ दिसावी म्हणून पहिली पट्टी त्या पिक्सेलवर 50 टक्के रंग चढवते. मागचा पांढरा उरला 50 टक्के. दुसरी पट्टी त्या उरलेल्यापैकी निम्मा झाकते. तरी 25 टक्के पांढरा शिल्लक राहतोच! तीच आपली रेघ.

ओळखायचं कसं? चित्र मोठं करून बघा. चित्र वाढतंय आणि रेघ केसाएवढीच राहतेय, तर दोष चित्रणाचा. रेघही सोबत रुंदावतेय, तर ती फाइलमध्येच आहे. मग मूळ आकडे उघडायचे आणि तिथे रिकाम्या जागा आहेत का ते तपासायचं.

चित्रणाचा दोष असेल, तर आकारांच्या कडेला आतलाच रंग द्यायचा, म्हणजे एजकलर ‘फेस’ ठेवायचा. रंग अर्धपारदर्शक असतील तर हा उपाय करू नका. कडा एकमेकींवर चढतात आणि पांढऱ्याऐवजी गडद रेघा येतात. अशा वेळी तेवढा भाग पिक्सेल-चित्र म्हणून साठवायचा. अक्षरं आणि अक्ष आहेत तसेच राहतात.

तिसरा प्रकार जास्त फसवा आहे. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. तिच्या सेकंदाला 51च नोंदी घेऊन आलेख काढला, तर सेकंदाला एकच संथ लाट दिसेल. छान गुळगुळीत, पण खोटी. इथे चित्र मोठं करून किंवा फाइलचा प्रकार बदलून काही होत नाही. नोंदीच दाट घ्याव्या लागतात. सेकंदाला 100 हून जास्त हव्यात, आणि आकार नीट दिसायला त्याहूनही पुष्कळ.

आणि शेवटी एक सवय लावून घेऊ. फटी बुजवून झाल्या, की जिथे खरोखर नोंद नाही ती जागा राखाडी करायची आणि रंगसूचीत तसं लिहायचं. म्हणजे नकाशा बघणाऱ्याला कोरी जागा कशाची, हे विचारावं लागणार नाही.