मेंदूतील गाठ आणि केंद्रित किरणोपचार
स्वीडनचे मेंदुशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली मांडलेल्या आणि १९६८ मध्ये ‘गॅमा नाइफ’ यंत्राद्वारे प्रत्यक्षात आलेल्या पद्धतीत कवटी न उघडता मेंदूतील लहान गाठीवर उपचार होतात. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूच्या सुमारे दोनशे स्रोतांतील किरण निरनिराळ्या दिशांनी एकाच बिंदूवर एकवटत असल्याने वाटेतील निरोगी ऊतींना, म्हणजे पेशीसमूहांना, अल्प मात्रा मिळते, तर गाठीतील पेशींचा डीएनए तुटून त्यांची वाढ खुंटते. गाठ लगेच नाहीशी होत नाही. मोठ्या, दाब आणणाऱ्या गाठींना बहुधा शस्त्रक्रियाच लागते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात हे यंत्र १९९७ मध्ये आले. रायगड जिल्ह्यातील खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत कर्करोगावर किरणोपचार होतात.