साठ हजार फुटांवरचा पुरावा

दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, चिली देशात, पुंता अरेनास हे शहर आहे. १९८७ च्या ऑगस्टमध्ये तेथील विमानतळावर लांबच लांब पंखांचे एक विमान येऊन उतरले. नाव ईआर-२. यू-२ या प्रसिद्ध हेरविमानाचेच हे भावंड. पण ते आले होते हवेतल्या एका गुन्हेगाराच्या मागावर!

दोन वर्षांपूर्वी, १९८५ मध्ये, ब्रिटिश शास्त्रज्ञ जो फारमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला हादरवणारी बातमी दिली होती. अंटार्क्टिकावरचा ओझोनचा थर दर वसंतात विलक्षण विरळ होत होता. सूर्याचे घातक अतिनील किरण अडवणारी आपली ही छत्री. तिला भोक पाडले कोणी?

संशय होता क्लोरोफ्लुरोकार्बन म्हणजे सीएफसी वायूंवर. घराघरांतले फ्रिज, एअरकंडिशनर, सुगंधी फवारे यांत हेच वायू असत. ते वर जाऊन फुटतात आणि त्यांतला क्लोरीन ओझोनला खातो, असे रोलंड आणि मोलिना यांनी १९७४ मध्येच सांगितले होते. पण काहींच्या मते हा सारा वाऱ्यांचा खेळ होता. पृथ्वीवर बसून वाद मिटणार नव्हता. तेथे जाऊन हवाच तपासायला हवी होती.

म्हणून अमेरिकेच्या ‘नासा’ने दोन विमाने धाडली. डीसी-८ मध्ये शास्त्रज्ञ स्वतः बसत. ईआर-२ मात्र सुमारे साठ हजार फुटांवर, थेट ओझोनच्या थरात शिरे. त्यात एकच वैमानिक, अंगावर अंतराळवीरासारखा पोशाख आणि विमानाला इंजिनही एकच. बाहेर उणे ऐंशी अंशांच्या आसपास थंडी, खाली बर्फ आणि गोठलेला समुद्र. इंजिन बंद पडले असते तर मदत पोचण्याची आशा जवळजवळ नव्हती.

विमानाच्या पंखाखाली हार्वर्ड विद्यापीठाच्या जेम्स अँडरसन यांनी तयार केलेले उपकरण होते. ओझोन नष्ट होताना क्लोरीन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. गुन्ह्याच्या जागी राहिलेला हा जणू बोटांचा ठसाच! पण त्याचे प्रमाण किती? हवेच्या शंभर कोटी कणांत जेमतेम एक. उपकरणात येणाऱ्या हवेत नायट्रिक ऑक्साइड सोडले, की या वायूतून क्लोरीनचा अणू सुटा होतो. त्यावर विशिष्ट प्रकाश टाकला, की तो चमकतो. चमक मोजली, की वायू मोजला गेला.

ऑगस्टअखेर अंटार्क्टिकावर हा वायू भरपूर सापडला, पण ओझोन अजून फारसा घटला नव्हता. पुढे तीन आठवडे वसंताचे ऊन पडत गेले. १६ सप्टेंबरच्या उड्डाणात चित्र स्पष्ट झाले. विमान त्या प्रदेशात शिरताच क्लोरीन मोनॉक्साइड नेहमीच्या शंभरपटींहूनही वर गेला आणि ओझोन बाहेरच्या निम्म्याहून खाली आला. आलेखावर एक रेघ चढे, तेथे दुसरी उतरे. आधी कारण, मग परिणाम. आता संशयाला जागा उरली नाही.

योगायोग असा, की त्याच दिवशी कॅनडात माँट्रियल करारावर सह्या होत होत्या. या पुराव्याची वाट न पाहता राष्ट्रांनी सीएफसीत निम्मी कपात मान्य केली होती. पुराव्यानंतर मात्र निम्म्यावर भागणार नाही हे उमगले आणि १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत सीएफसी पूर्ण थांबवण्याचे ठरले. भारत १९९२ मध्ये करारात सामील झाला. आपल्याकडच्या फ्रिजवरही मग ‘सीएफसी-मुक्त’ अशा पट्ट्या झळकू लागल्या. १९९५ मध्ये रोलंड, मोलिना आणि क्रुट्झेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे वायू हवेत अनेक दशके टिकतात, त्यामुळे जखम सावकाश भरते आहे. अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आज चौथी-पाचवीत असलेली आपली मुले तेव्हा पन्नाशीत असतील. त्यांच्या डोक्यावर ही छत्री धड राहील, ती त्या एकाकी उड्डाणांमुळे आणि शंभर कोटींतला एक कण मोजण्याच्या चिकाटीमुळेही.